दारातला आकडा आणि गार ताट

"आजी, आवाज खाली!"

"आजी कोणाला म्हणतोस रे? आणि आवाज खालीच आहे. वर गेला ना, तर पळता भुई थोडी होईल!"

ही थोरली, इथे राहणाऱ्या दोघी बहिणींतली. समोर व्यवस्थापक साहेब. आणि दोघांच्या मधे उभी मी. मी या वृद्धाश्रमातली जेवणाची गाडी बोलतेय. चार चाकं, पत्र्याचं पोट, पोटात हीटर. घडवणाऱ्यांनी मला एकच काम सांगितलं होतं, अन्न गरम ठेव.

सुरुवातीला ठेवलंही. मग साहेबांना वाटलं, व्हरांड्यात लोळणारी माझ्या हीटरची वायर भेटायला येणाऱ्यांना बरी दिसत नाही. गुंडाळली आणि चिंधीने बांधून टाकली! ती सुटते फक्त तपासणीची माणसं येतात तेव्हा. एरवी स्वयंपाकघराच्या दारात सूपमध्ये थर्मामीटर बुडवतात, आकडा बघून माना डोलावतात. अरे, म्हातारी माणसं काय दारात बसून जेवतात? पुढे मी व्हरांड्यात ताटकळते. आधी गोळ्या, मग चादरी, मग कामावरच्या सगळ्या मावश्यांचा चहा. तो मात्र वाफाळता हं! तोवर सूपवर साय धरते, भाताची ढेकळं होतात. मला मेलीला लाज वाटते. ज्यांना वाटायला हवी ते खुशाल आहेत.

थोरलीची धाकटी बहीण तिच्याच खोलीत असते. दात नाहीत, बोलणंही गेलंय. गार घास तिला गिळवत नाही, जिभेने बाहेर ढकलते. अंगाची नुसती हाडं उरलीत. आज साहेब सांगायला आले, "त्या जेवतच नाहीत. उद्यापासून नाकातून नळी."

"जेवत नाही? काल तिच्या लेकीने घरून ऊन ऊन भात आणला, तर वाटी चाटूनपुसून खाल्ली तिने!"

"घरचं वेगळं हो. इथलंही गरमच असतं, आम्ही रोज मोजतो. या वयात भूक मरते, बाई."

थोरलीने धाडकन माझं दार उघडलं. धाकटीचं ताट काढून साहेबांच्या हातात ठेवलं. त्यांनी सूपला बोट लावलं आणि हळूच रुमालाला पुसलं. मी चाकं रोवून उभी राहिले. आज ही हरली, तर माझ्या पोटातलं एकही ताट धाकटीपर्यंत पुन्हा जाणार नव्हतं.

थोरली म्हणाली, "आधी हे माझ्यासमोर बसून शेवटच्या शितापर्यंत खा, आणि मग घाल तिच्या नाकात नळी."