चांदीचा खिळा

रुपाबाईचा पाय सुजून भोपळा झाला होता आणि त्या सुजेत फुलचंद सोनाराच्या हातचा वाळा रुतून बसला होता. बाभळीचा काटा मोडल्याचं निमित्त. वाशीमच्या डॉक्टरने बजावलं, आधी ही चांदी उतरवून आणा, नाहीतर पाय वाचायचा नाही. म्हणून नवरा हेमला आणि सासू धनीबाई तिला बैलगाडीत घालून वाशीमजवळच्या मालेगावात फुलचंदच्या दुकानापुढे आले.

फुलचंदने वाळा लगेच ओळखला. बारीक तार वळून केलेली वेलाची जाळी, तिच्यावर राईएवढे रवे. पहिल्या निवडणुकीच्या साली बंजाऱ्यांच्या तांड्यावर जाऊन, नवरीच्या दोन्ही पायांतच त्याने एकेका वाळ्याची दोन टोकं जुळवली होती, चांदीचा खिळा ठोकला होता आणि कानस मारून सांधा असा बुजवला होता की देवालाही सापडू नये. शिवाय भर मांडवात छाती फुगवून फुलचंद म्हणाला होता, "हा खिळा जल्मात हालणार नाई." स्वतःच्या हाताचं कौतुक माणसाला कधी नडेल, सांगता येत नाही.

आता तो काढणं एका ठोक्याचं काम होतं. त्याने छिन्नी-हातोडी घेतली, तर धनीबाई आडवी आली.

"माह्या लेकाच्या जितेपणी खिळा तोडता काय? आमच्या तांड्यात तो नवरा मेल्यावरच तोडतेत."

"मी समोर उभा हाय ना, याडी," हेमला आईला म्हणाला. "तोडा तुमी, काका."

म्हातारी बाजूला झाली. फुलचंदला हायसं वाटलं. त्याने पाय पाटावर घेतला आणि रुपाबाईनेच तो मागे ओढला.

"नोका तोडू," ती नवऱ्याकडे न पाहता म्हणाली. "उद्या याइले काई झालं तं मी कोनाच्या तोंडाकडं पाहू?"

"अवं, सूज उतरली का नवा खिळा ठोकून देतो."

"तोडलेला तो तोडलेलाच, काका."

फुलचंदने तेल लावलं, साबण लावला, दोरा गुंडाळून पाहिला. वाळा तसूभर हलला नाही. हेमलाने विनवण्या केल्या, मग चिडला, मग चाकाशी डोकं धरून बसला. जबरदस्ती करावी तर ती दोन्ही हातांनी वाळा झाकून बसलेली. फुलचंदला आपल्याच कसबाची चीड आली. जरा कच्चं काम केलं असतं, तर खिळा कधीच निसटला असता! गाडी वाशीमच्या रस्त्याला लागली, तरी छिन्नी त्याच्या हातातच होती.

पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

दिवाळीनंतर रुपाबाई कुबडी घेऊन, हेमलाच्या आधाराने दुकानाची पायरी चढली. ओढणीच्या गाठीतून तिने तो वाळा काढून फुलचंदपुढे ठेवला. कापलेल्या पायातून सरकून निघालेला वाळा अखंड होता, खिळ्यासकट.

"काका, हा बी या पायात घालून द्या. दोनी एकाच पायात राहू द्या."

फुलचंदने वाळा बोटांत फिरवला. पोरीला सांगायचं कसं? पण सांगणं भाग होतं.

"घालाचा तं आधी खिळा तोडा लागते, पोरी."

रुपाबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या नवऱ्याकडे. आणि हात पुढे करून वाळा परत मागितला.