तानाजीरावांचं नाव घेते

मी शिवणमशीन बोलतेय, लोणंदजवळच्या एका गावातल्या महिला मंडळाची. जवळ या, पण नाक धरून. अंगाला कांद्याचा वास येतोय, त्यात माझी काडीचीही चूक नाही.

मंडळाच्या खोलीत माझं झकास चाललं होतं. भामाबाई माझ्यावर ब्लाउज शिवायची, त्यावरच तिचं घर चालायचं. बाकीच्या शिवण कमी शिकायच्या, सासवांची उणीदुणी जास्त काढायच्या. भामाबाईची सून प्रियंका साताऱ्याला शिकलेली. तिनं एकदा नायजेरियातल्या फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांची हकिगत सांगितली. तिथल्या एका राजानं बायकांवर कर लादला, तेव्हा या बाईंमागं हजारो बायका राजवाड्यापुढं ठाण मांडून बसल्या, राजाची टर उडवणारी गाणी गायल्या. शेवटी राजानं गादी सोडली. ऐकताना भामाबाईचा पाय पायडलवरच थांबला होता.

यंदा सरपंच तानाजीरावांना कांदा ठेवायला जागा पुरेना. त्यांनी आमच्या खोलीत पोती रचली, कुलूप घातलं आणि मला आपल्या अंगणात आणून टाकलं, शेळीशेजारी. शेळी माझा पट्टा चाटून गेली, शी! भामाबाईनं हेलपाटे घातले, पण "बघू" यापलीकडं उत्तर मिळेना. चूल थंडावायची वेळ आली.

मग एका सकाळी सगळ्या बायका सरपंचांच्या दारात येऊन बसल्या. बसल्या खऱ्या, पण गायचं काय? टर उडवणारं गाणं एकीलाही येईना. उखाणे मात्र सगळ्यांच्या जिभेवर. भामाबाईनं घसा खाकरला:

"लोणंदच्या बाजारात कांद्याला आला भाव,
खोली बळकावली, तानाजीरावांचं घेते नाव!"

उखाण्यात फक्त नवऱ्याचं नाव घेतात, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. एकीचा संपला की दुसरीचा सुरू. मनुबाई, सरपंचांची बायको, पिठाच्या हातानं बाहेर आली. तिनं बायकांकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"किल्ली द्या ह्यास्नी. न्हाईतर आजपास्नं ह्यातल्याच एकीकडं भाकरी मागा."

दुपारपर्यंत पोती बाहेर आणि मी आत.

आता भिंतीवर फुन्मिलायोबाईंचा फोटो आहे आणि भामाबाईचा पाय माझ्यावर. मला हार-नारळ नको, दोन थेंब तेल घाला, बास. परवा तानाजीराव सदऱ्याचं कापड घेऊन आले. उंबऱ्याबाहेरच उभे. भामाबाईनं कापडाला लावायची चिठ्ठी काढून नाव विचारलं.

ते हळूच म्हणाले, "लिवा भामाबाई, पन घेऊ नगा."