तिसऱ्या मजल्यावरून दिसणारं

अमरावतीला शकुनमावशीच्या इमारतीपुढे झाडाची चांगली सावली आहे. तरी गाडी मी पार कोपऱ्यावर, रसवंतीपाशी उन्हात लावली आणि तिथून चालत आलो. अकोल्याहून निघतानाच ठरवलं होतं, आज मावशीला नवी गाडी दाखवायची नाही.

मावशी तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. लिफ्ट नाही. गुडघे गेल्यापासून ती खाली उतरत नाही. गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली सोडते, भाजीवाला त्यात भाजी ठेवतो, मग ती ओढून घेते. मी खाली उभा राहून हाक मारली, तर टोपलीतून गेटची किल्ली आली.

तीन वर्षांपूर्वी माझ्या डाळमिलसाठी कर्ज काढलं. बँकेची अट होती, मिलची बाहेरची देणी माझ्या स्वतःच्या भांडवलाच्या तिपटीवर जाता कामा नयेत. दर एकतीस मार्चला ते तपासणार. बसलं नाही तर तुरीच्या खरेदीचा पैसा बंद. माझं भांडवल तोकडं पडत होतं. मग बँकेतल्या साहेबांनीच वाट दाखवली. नात्यातल्या कुणी मिलमध्ये पैसे घातले आणि कर्ज फिटेपर्यंत परत मागणार नाही असं लिहून दिलं, तर ते पैसे भांडवलातच धरतात.

मावशीचे निवृत्तीचे बारा लाख बँकेत पडून होते. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई. वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे चौथीत मलाही तिनंच छडी दाखवून शिकवलं. मी स्टँपपेपर पुढे केला तेव्हा तिला चष्मा सापडत नव्हता.

"तू वाचलं ना?"

"वाचलं."

आणि खरंच वाचलं होतं, दोनदा. न वाचता सही घेतली असती, तर आज निदान मूर्ख ठरलो असतो. कर्ज सात वर्षांचं, मावशी एकोणसत्तरची. मी म्हणालो, नेहमीचेच कागद आहेत, पैसे लागले की सांग.

गेल्या महिन्यात तिनं सांगितलं. त्याच गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या निघाल्या होत्या. पन्नास हजार इसार देऊन बसली होती. बाकीचे बारा लाख या शनिवारपर्यंत द्यायचे होते.

मी समोर बसलो. तिनं चिवड्याची ताटली पुढे सरकवली. मी ती तशीच राहू दिली.

"मावशी, ते पैसे नाही काढता येत. चार वर्षं तरी."

"काहून?"

सगळं सांगितलं. एकतीस मार्चचा हिशेब यंदा कसाबसा बसला होता, तोही तिच्या बारा लाखांमुळे. ते काढले की मिल बँकेच्या परीक्षेत नापास.

"हे त्या कागदावर लिहून होतं?"

"होतं."

"अन् तू वाचलं होतं."

तिनं आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. ती गुडघे चोळत गॅलरीकडे बघत राहिली.

"दुसरं काई विकता नाई येत तुले?"

"नाही."

गाडी दसऱ्याला रोख घेतली होती, माझ्या नावावर. ती विकून खिशातून तिचे बारा लाख देता आले असते, मिलच्या हिशेबाला धक्काही लागला नसता. आदल्या रात्री बायकोनं हेच सुचवलं, तेव्हा मी तिच्यावर ओरडलो होतो.

"बरं," मावशी म्हणाली. "इसार बुडन. बुडू दे. तू चिवडा खा."

मी खाल्ला. शरम वाटत होती, तरी ताटली संपवली. मग खाली उतरलो, गेट लावलं आणि किल्ली टोपलीत टाकली. दोरी वर जाऊ लागली. टोपली पहिल्या मजल्यापाशी थांबली.

"किशोर!" वरून हाक आली. "गाडी उनात काहून लावली रे? नवी हाय, रंग जाईन. येतानीच पाह्यलं मी. पुढच्या टायमाले इथं झाडाखाली लावजो."

मग दोरी पुन्हा हलली आणि टोपली वर गेली.