रद्द झालेलं लेबल

बाबांची सगळी नोकरी छापखान्यात गेली, आणि त्यातली बरीचशी बिअरच्या बाटल्यांची लेबलं छापण्यात. स्वतः मात्र त्यांनी कधी थेंब तोंडाला लावला नव्हता. निवृत्त झाल्यावर म्हणाले, "आयुष्यभर नुसते बाटल्यांचे अंगरखे शिवले. आता आत कोण आहे ते बघतो. वर्षभर, रोज एक नवी बिअर."

"म्हातारचळ लागलाय," आई म्हणाली. पण संध्याकाळी ग्लास तीच पुसून ठेवायची. बाबा एक घोट घेत, भुवई उंचावत आणि चवीबद्दल एकच वाक्य बोलत. मग कोमट पाण्यात बाटली बुडवून लेबल सोडवायचं आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवायचं. दार निम्म्याहून थोडं जास्त भरलं, आणि बाबा गेले.

लेक आठवड्याच्या रजेवर आली होती. नातेवाईक पांगले त्या संध्याकाळी आईने ग्लास पुसला, बाबांनी आणून ठेवलेली बाटली फ्रिजमधून काढली आणि समोर बसून राहिली. लेकीने बाटली उघडली, बाबांसारखा घोट घेऊन एक वाक्य टाकलं, आणि तिथेच ती अडकली.

तिला बिअर आवडत नसे. तिला सगळ्या सारख्याच लागत, खोकल्याच्या औषधासारख्या. पण रोज नवं वाक्य हवं. "ही करपलेल्या पावासारखी." "ही जरा भांडखोर आहे." आई मान हलवायची, दाराकडे बघायची. रजा वाढत गेली. फोनवर नवरा विचारायचा, "कधी येतेस?"

"दार भरलं की."

त्याला वाटायचं, चेष्टा करतेय.

वाक्यं आटली, मग बाटल्याही. "ताई, आता माझ्याकडे नवा म्हणाल तर सोडाच आहे," दुकानदार म्हणाला. तेव्हा तिला बाबांच्या कपाटातला न वापरलेल्या लेबलांचा गठ्ठा आठवला. त्यातलं दारावर नसलेलं एक हिरवं लेबल तिने निवडलं, आधी चाखलेल्याच बिअरच्या भरलेल्या बाटलीवर नीट चिकटवलं आणि संध्याकाळी भुवई उंचावून म्हणाली, "ही ओल्या गवतासारखी."

आईने बाटली हातात घेतली. लेबल सोडवायला ती पाण्यात बुडवली नाही.

"हे कुठल्याच बाटलीवर लागलेलं नाही."

"म्हणजे?"

"कंपनीने परत पाठवलं होतं. हिरवा रंग जास्त चढला म्हणून. अख्खा लॉट रद्द. तुझे बाबा चार दिवस धड जेवले नव्हते." आईने बाटली खाली ठेवली. "मला कशाला फसवतेस?"

"तुझ्यासाठीच केलं ना! दार अर्धं राहिलं तर तुला..."

"माझ्यासाठी?" आई बघतच राहिली. "अगं, मला तर त्या वासाने मळमळतं. पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, तुला हवंय. पिताना अगदी त्यांच्यासारखी दिसायचीस. म्हटलं, पोरीचं दुःख निघतंय तर निघू दे."

दोघी हसल्या. नको तितक्या हसल्या, आणि एकदम थांबल्या.

"मग मी उद्या निघू?" लेकीने विचारलं.

"निघ की. घर आहे तुझं तिकडे." आईने टेबलावरचं नसलेलं पाणी पुसलं. मग खाली बघत म्हणाली, "पण संध्याकाळ झाली की मी काय करू, ते तेवढं सांगून जा."

लेकीने दुसरा ग्लास काढला आणि उरलेली बिअर त्यात ओतली. आईने नाक दाबून घोट घेतला.

"शी! ह्याच्यासाठी माणूस रोज हौसेने बसायचा? भिजलेला पुठ्ठा आहे नुसता." आणि दुसरा घोट घेतला.

ते हिरवं लेबल आईनेच सोडवलं आणि दाराच्या मोकळ्या भागात, बाकीच्यांपासून लांब चिकटवलं.

लेकीने पलंगाखालून बॅग ओढली. भरली नाही. दोघींना दिसेल अशी त्या दाराशी ठेवली.