राखीव धरून

वर्तमानपत्रात आलेख काढायचं माझं काम. बुधवारी वृत्तसंपादकांनी कागद हातात ठेवला: आपलं सैन्य, शेजाऱ्यांचं सैन्य, दोघांची विमानं. चित्रातला एक शिपाई म्हणजे दहा हजार माणसं. आपल्या ओळीत नऊ शिपाई बसले, त्यांच्या ओळीत एकवीस.

"हे बघून लोक हातपाय गाळतील," साहेब म्हणाले. "आपले राखीव धर."

राखीव म्हणजे अठराव्या वर्षी सहा महिने कवायत करून घरी परतलेली माणसं. त्यात माझा नवराही आला. तो दातांच्या कवळ्या बनवतो, आणि त्याचा उजवा गुडघा दुसऱ्याच पायरीला कुरकुरतो. राखीव धरल्यावर आपले वीस झाले.

"मग त्यांचेही धरायला हवेत ना, साहेब?"

"त्यांचे मिळाले नाहीत."

मिळाले होते, कागदाच्या मागेच होते, आणखी तीस शिपाई होतील एवढे. मी कागद उलटा करून दाखवला. साहेबांनी तो सुलटा केला. "पान सहाला छपाईला सुटतं, बाई."

मी पान सोडलं.

नवऱ्याच्या गुडघ्याचा दाखला आठवडाभर कपाटावर पडून होता. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत भरती कार्यालयात दिला, तर राखीव यादीतून नाव कमी होणार होतं. हा आज जातो, उद्या जातो करत होता. गुरुवारी सकाळी मुलीला मांडीवर घेऊन त्यानं माझं पान उघडलं.

"अगं, बरोबरीचं आहे की. एवढ्या सैन्याच्या वाटेला कोण जाईल? मी कशाला लंगडत जाऊन शोभा करून घेऊ? कामावर आधीच आजोबा म्हणतात मला."

"ते खरं नाही. त्यांचे राखीव धरलेलेच नाहीत."

"मग छापलंस कशाला?"

"सांगितलं म्हणून."

तो हसला. "तू काय, हिला शिंक आली तरी न्यूमोनिया म्हणतेस."

खोटं नव्हतं ते. मुलीच्या जन्मापासूनच्या चौदा महिन्यांत मी तीनदा नुसत्या सर्दीसाठी डॉक्टरांचं दार वाजवलं होतं. माझ्या भीतीला घरात आता कोणी भाव देत नव्हतं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत दाखला घेऊन मीच गेले. खिडकीतला कारकून म्हणाला, "ज्याचा गुडघा त्यानं यायचं, ताई." मी नवऱ्याला फोन लावला. "साचा ओतलाय, आता कसा सोडू? सोमवारी बघू," तो म्हणाला. मी तिथंच बाकावर बसून राहिले. साडेपाचला खिडकी बंद झाली.

मंगळवारी राखीव बोलावले.

पिशवी मी भरत होते. मुलगी त्याच्या उजव्या गुडघ्याला धरून उभी होती, आणि तो तसाच, न हलता उभा होता.

"खरं सांग," तो म्हणाला, "त्यांचे किती आहेत गं?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं मला विचारलं होतं.

"छापले होते तेवढेच," मी म्हणाले.

त्यानं मान डोलावली. गुडघ्याचा पट्टा वरच ठेव म्हणाला, लगेच लागेल.