कडेचा तांबूस रंग

वहिनीनं पहिला ग्लास उचलून खिडकीकडे धरला आणि एक डोळा मिटला. उंच काचांमधून दुपारचं ऊन झिरपत होतं. त्यात वाफ तरंगत होती, आणि शिजत्या माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या सातूच्या, गोडसर वासानं बिअरची ती भट्टी पेंगुळल्यासारखी झाली होती. टक्क जागे होते ते फक्त दोघे भाऊ.

"तुझ्या दिराला सांग, चेहरा जरा सरळ ठेव म्हणावं," तिचा नवरा, थोरला भाऊ, म्हणाला.

"त्यांना सांगा वहिनी, चेहरा माझा आहे."

दोघांमध्ये हातभर अंतर. अबोला धरल्यापासून दोघांनी भरपूर शब्द वाचवले होते. खर्च मात्र सगळा वहिनीच्या नावावर पडत होता.

थोरल्याला नव्या फिक्या बिअरसाठी एक टाकी रिकामी हवी होती. त्याचं म्हणणं, धाकट्याची पोर्टर आणि आपली स्टाउट, दोन्ही काळ्या बिअर, आता एकसारख्याच लागतात, मग त्यांना दोन टाक्या कशाला? धाकट्याचं म्हणणं, टाकी गेली तर मीही जातो. दुसऱ्या गावी काम ठरलंय. शेवटी ठरलं, वहिनीनं ओळखायचं. ओळखलं तर दोन्ही टाक्या राहतील. ग्लास धाकट्यानं आडोशाला भरले होते. कुठला कोणाचा, हे त्यालाच ठाऊक.

वहिनीला हे अवघड वाटलं नव्हतं. पोर्टर उन्हात धरली की कडेला तांबूस होते, जिभेवर चॉकलेट ठेवून हळूच निघून जाते. स्टाउट उन्हालाही दाद देत नाही आणि जाताना कॉफीचा कडवटपणा मागे ठेवते. स्वभावही तसेच, असं ती गिऱ्हाइकांना हसून सांगत असे.

पहिला ग्लास कडेला तांबूस दिसला. दुसराही.

तिनं घोट घेतला. आधी कॉफी, मग दबकत आलेलं चॉकलेट. दुसऱ्यात आधी चॉकलेट, मग दबकत आलेली कॉफी. ती डोळे मिटून उभी राहिली. हळूहळू तिच्या ध्यानात आलं. हा त्याच्या टाकीची चव चोरून घ्यायचा, तो याच्या. मग एकानं भाजलेलं धान्य चिमूटभर कमी केलं असणार, दुसऱ्यानं मूठभर वाढवलं असणार. तोंडानं एक अक्षर न बोलता दोघे एकमेकांकडे चालत आले होते, आणि आता मधोमध येऊन भांडत होते.

"झोपलीस का गं?"

"अहो, थांबा जरा."

आणखी थांबून काही हाती लागणार नव्हतं. तिनं डाव्या ग्लासावर बोट ठेवलं.

"ही पोर्टर. भाऊजींची."

धाकट्याची नजर झटकन खाली गेली. खोटं बोलणं त्याला कधीच जमलं नव्हतं; गप्प बसणंही धड जमत नसे. तो तोंड उघडणार, एवढ्यात थोरल्यानं डावा ग्लास उचलला आणि मोठा घोट घेतला. त्याची एक भुवई वर चढली. ती भुवई फक्त स्वतःच्या हातच्या बिअरला चढते, हे इतक्या वर्षांच्या संसारात वहिनीला पाठ झालं होतं. तिनं पदरानं हात पुसले आणि ती टाकीकडे पाहत राहिली.

थोरल्यानं ग्लास उन्हात धरला, बराच वेळ फिरवला.

"बरोबर ओळखलंस," तो म्हणाला. "पोर्टरच आहे."

वर वाफेतून ऊन थोडं सरकलं. धाकटा त्याच्याकडे पाहत राहिला, मग त्यानं उरलेला ग्लास ओढून घेतला, आपल्याच हातची बिअर सावकाश चाखली, आणि तोंड वाकडं केलं.

"स्टाउट जरा कडू झालीय, दादा."

"मग उद्या धान्य तू भाज," थोरला म्हणाला.