हातकुऱ्हाडींची भिंत

चैत्राचं ऊन वर्धेच्या पात्रात उतरलं होतं. शुष्क, शुभ्र, निर्दय ऊन. काठचे पळस रक्तवर्ण होऊन पेटले होते आणि पाणी हटलेल्या पात्रात गोट्यांचे ढीग तापत होते. पैलतीरावर जिथे तांबडं टेकाड होतं, तिथे आता नुसता खड्डा होता. दोन वर्षांपूर्वी नव्या रस्त्यासाठी सगळा मुरूम तिथूनच उचलला गेला.

त्या टेकाडापाशी कलावती ढोले अकरा वर्षं वाकून चालल्या होत्या. शाळेत भूगोल शिकवायचा आणि सुटीचा प्रत्येक दिवस त्या मातीला द्यायचा. पुरानं टेकाडाची कड चिरली होती, थरावर थर उघडे पडले होते. त्यात दगड दिसला की आधी दोरी धरायची, थर ओळखायचा, खोली मोजायची, चिठ्ठी लिहायची. मगच दगडाला हात. दगड आणि चिठ्ठी एका खादीच्या पिशवीत. अशा नऊशे चाळीस पिशव्या झाल्या.

काय दगड होते ते! बदामाच्या घाटाच्या हातकुऱ्हाडी, मधुवर्णी गारेची पाती, नखाएवढी बाणांची टोकं. कुण्या अनामिकानं, अगणित वर्षांपूर्वी, याच नदीच्या काठी घाव घातला, कपची उडवली, पुन्हा घाव घातला. ती धार अजून बोटाला लागत होती. तळच्या थरातले ओबडधोबड, मधले सुबक, वरचे नाजूक. या काठी माणूस केव्हा आला, किती पिढ्या राहिला, काय काय शिकला, हे सगळं त्या थरांच्या क्रमावरून सिद्ध व्हायचं होतं. आणि तो क्रम फक्त चिठ्ठ्यांत होता.

खरं तर दगडावरच काळ्या शाईनं बारीक क्रमांक घालायचा, अशी या कामाची रीत. कलावतीबाईंनी ती पाळली नाही. इतक्या पुरातन, इतक्या निष्कलंक अंगावर आकडा लिहायला त्यांचा हात धजेना. शहाणी बाई, पण इथे माया आडवी आली.

घर अपुरं पडू लागलं तेव्हा पिशव्या तालुक्याच्या कॉलेजात गेल्या. प्राचार्य ठोंबरे दालन बांधणार होते; काचेची कपाटं करू, प्रत्येक दगडाशेजारी त्याची चिठ्ठी ठेवू, असा शब्द त्यांनी दिला होता. आज त्या दालनाचं उद्घाटन. कलावतीबाई इस्त्रीचं पातळ नेसून तासभर आधीच आल्या, आणि दारातच थिजल्या.

समोर भिंत. भिंतीत दगड. नऊशे चाळीसच्या नऊशे चाळीस दगड सिमेंटात रुतवलेले, वार्निश चोपडलेले, सूर्यबिंबाच्या नक्षीत गोल गोल बसवलेले. मध्ये हातकुऱ्हाडी, भोवती पाती, कडेला बाणांची टोकं. हजारो वर्षांनी दुरावलेले ते सारे खांद्याला खांदा लावून उभे होते, शोभेसाठी! धारा आत गाडलेल्या आणि पाठी तेवढ्या चकाकत होत्या.

"कपाटात ठेवले असते तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं, ताई," प्राचार्य हात चोळत म्हणाले. "आता कसं भव्य वाटतं!"

"चिठ्ठ्या?"

"कुठल्या चिठ्ठ्या?"

उत्तर कोपऱ्यातून आलं. शेषराव गवंडी थापी धूत होता. त्यानं मान वर केली नाही. "पिशव्यायनं म्या भिंत पुसली, बाई. कागदं जाळाले सांगतले सायबानं. म्या इचारलं होतं."

गवंड्यानं विचारलं होतं! आणि या पदवीधर, पदाधिकारी, पुष्पहारप्रिय माणसाला विचारावंसं वाटलं नाही. गाढवाला गुळाची चव काय! टेकाड रस्त्यानं गिळलं, क्रम आगीनं गिळला. पुन्हा जाऊन मोजायला आता जागाच उरली नव्हती. उद्या कुणी विचारलं, हा दगड कुठला, तर उत्तर एकच: भिंतीतला. संताप त्यांच्या पायांतून चढला, छातीत कोंडला, कानशिलांत ठणकू लागला. त्यातला अर्धा ठोंबऱ्यांवर होता आणि अर्धा स्वतःवर.

भिंतीच्या माथ्यावर, स्टुलावर चढलं तर हाताला येईल अशा उंचीवर, संगमरवराची पाटी होती. सोनेरी, खोल कोरीव अक्षरं: संग्राहिका श्रीमती कलावती ढोले.

त्यांनी ते वाचलं. दगडावर एक आकडा घालायला हात धजला नव्हता त्यांचा, आणि हे नाव!

"शेषराव, छन्नी द्या."

"ताई, पाहुणे फाटकाशी आलेत हो!" प्राचार्य कळवळले.

शेषरावानं साहेबाकडे पाहिलं नाही. अवजारांच्या पिशवीतून छन्नी काढली, हातोडाही दिला, आणि बाईंसाठी स्टूल सरकवून त्याचा पाय धरून बसला.

ठण. 'क' तडकला. ठण. 'ला' उडाला. सनईची टेप कुणीतरी घाईघाईनं बंद केली. दारात हार घेतलेले हात तसेच राहिले, रेशमी फीत तशीच राहिली. आणि त्या भयाण, भरदुपारच्या शांततेत एक साठीची बाई दात आवळून, घाम न पुसता, अक्षरामागून अक्षर फोडत राहिली. शुभ्र कपच्या तिच्या पातळावर पडल्या, शेषरावाच्या केसांवर पडल्या, पाहुण्यांच्या पायांशी पडल्या.

सगळं नाव गेलं, तरी घाव थांबले नाहीत.